खाडीपलीकडचा व्हिसा

हसू नका रे, आमच्या आरोंद्याहून खाडी ओलांडायला तेव्हा खरंच व्हिसा लागायचा. पलीकडे गोवा, पोर्तुगीजांचा. माझी आते तिथेच दिलेली. तिच्या चुलीचा धूर आमच्या अंगणातून दिसायचा. तिचा नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा बाबा व्हिसासाठी वेंगुर्ल्याहून बोटीनं उलटे मुंबईला गेले.

ऑफिसातला साहेब म्हणाला, "आजारी आहेत? मग डॉक्टरचा दाखला आणा."

दाखल्याआधी तारच आली. ती घेऊन बाबा पुन्हा त्याच्यासमोर उभे राहिले.

"वारले? मग आता घाई कसली?"

बाबा परत आले, तडक खाडीवर गेले आणि ओरडले, "गो बाय, तेंनी माका सोडूक नाय गो!"

पलीकडून आतेचं रडणं आलं. तेवढंच काय ते बिनव्हिसाचं यायचं.