कावळा शिवंना

हसू नका, पण सत्तरीत मी कावळा झालो होतो. कळंबला, आडतीच्या रिकाम्या गोदामात, तीस माणसांपुढं.

आमचा दोस्त दगडू वारला, त्याच्या पोरीनं बापाच्या दहाव्याचंच विनोदी नाटक बसवलं. म्हणाली, "काका, रडून दमले, आता हसून बघते."

त्या दहाव्याला खरंच कावळा पिंडाला शिवत नव्हता. शेवटी दगडूचा धाकटा भाऊ महादू हात जोडून म्हणाला, "दादा, माझ्या पोराच्या लग्नात वहिनीला मानानं पुढं बसवीन." कावळा लगेच शिवला. लग्नात मात्र वहिनी विधवा म्हणून मागं, भांड्यांपाशी!

नाटकात मला काळं घोंगडं पांघरून नुसती पिंडाला चोच मारायची होती. बघतो तर पहिल्या ओळीत महादू सगळ्यात मोठ्यानं हसतोय आन् वहिनी पार मागं. माझं टाळकंच सरकलं. मी पिंडापुढं नुसता बसून राहिलो.

पोरगी कुजबुजली, "काका, शिवा की!"

"न्हाय शिवत. महादूनं कबूल केल्यालं कुठं झालंय?"

महादू ताडकन उठला. "म्हातारबा, नाटक हाय हे! गुमान शिवा!"

"व्हय, हे नाटक हाय. मंग दहाव्याला केलंस ते काय हुतं?"

मागून वहिनी उठली, पुढं आली आन् महादूच्या खुर्चीत बसली. "भावजी, आता तुमी जावा मागं."

मग मात्र मी शिवलो. अख्खा पिंड खाल्ला, बिनमिठाचा.