दारावरचा डहाळा

चहा घेताय, पण हे ऐकून हात थांबेल. साठ-बासष्ट साली मी मुरब्याच्या कोळीवाड्यात देवीची लस टोचत हिंडायचो. हिवतापाच्या फवारणीवाल्याला तिथे चहा मिळायचा, कारण त्याच्या औषधाने ढेकूण मरत. मला बघितलं की दारं लागायची! पण घरात देवी आली की कोळी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधत. डहाळा दिसला की मी आत शिरायचो. स्वतःवर भारी खूश होतो मी.

एक दिवस गावात एकही डहाळा दिसेना. वाटलं, साथ संपली. एका ओट्यावर टेकून म्हातारीकडे पाणी मागितलं. एवढ्यात आत पोर कण्हलं. डोकावलो, तर अंगभर फोड.

"आजी, डहाळा का नाही बांधला?"

"बांदला तं तू सुई घेऊन येतोस ना!"

तेवढ्यात शेजारीण चुलीतला विस्तव मागून त्याच घरातून बाहेर आली. कडेवर तान्हं मूल.

दारावर डहाळा असता, तर तिने उंबरासुद्धा ओलांडला नसता. आणि तो डहाळा माझ्या भीतीने उतरला होता.