मागे न घेतलेलं विधेयक

किशोर : मी काय म्हणतो ताई, मागच्या शुक्रवारी तुमचं भाषण झालं, पेपरात फोटो आला, विषय सगळ्या महाराष्ट्राला कळला. आता या शुक्रवारी मंत्री उत्तर देतील. तुम्ही उठायचं, "मंत्र्यांच्या आश्वासनानं माझं समाधान झालं, विधेयक मागे घेते" म्हणायचं आणि खाली बसायचं. आमदारानं स्वतः मांडलेलं बिल असंच संपतं. त्यात कमीपणा नाही.

प्रतिभा : समाधान झालं तर घेईन मागे.

किशोर : समाधान होत नसतं ताई, मानायचं असतं. समिती नेमतो म्हणतायत ते.

प्रतिभा : मागच्या वर्षीही म्हणाले होते. घाटात मजुरांची पिकअप उलटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंत्री सिव्हिलला आले होते. मी शेजारीच उभी होते. कुठंय ती समिती?

किशोर : अहो, पण कायदा आहेच की. मालाच्या गाडीत माणसं भरायची नाहीत, हे आज ठरलंय का?

प्रतिभा : आहे. पण त्या कायद्यात सापडतो ड्रायव्हर. आपल्या अपघातात ड्रायव्हरही गेला. आरोपी मेला म्हणून केस बंद झाली. मुकादमानं दुसरी पिकअप आणली आणि त्याच घाटातून पुन्हा माणसं उतरवली. माझ्या बिलात एवढंच आहे, की ज्यानं माणसं भरली तो मुकादम आणि ज्याच्या बागेत ती चालली होती तो बागायतदार, दोघांनीही जबाबदार राहायचं. बाकं असलेली गाडी पाठवायची. माणूस गेलं तर घरच्यांना भरपाई द्यायची. यात जगावेगळं काय आहे?

किशोर : "ज्याच्या बागेत चालली होती." म्हणजे मीच ना? ती गाडी माझ्याकडे येत नव्हती, देवाची कृपा. पण दरसाल माझी द्राक्षबाग तुमच्याच डोंगरातली माणसं खुडतात. निम्मा पक्ष दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांवर उभा आहे, ताई. तुम्ही नेमकं त्यांच्याच गळ्याला हात घातलात.

प्रतिभा : मुली कोणाच्या गेल्या, भाऊ?

किशोर : ते दुःख मला नाही असं समजू नका. जिल्हाध्यक्ष म्हणून नाही, थोरला भाऊ म्हणून सांगतो. तुम्ही आश्रमशाळेत शिकवत होता. तिकीट द्या म्हणून मी वरती भांडलो. पहिल्याच टर्मला पक्षाशी वाकडं घेऊ नका. शुक्रवारसाठी पक्षाचा व्हिप निघणार आहे. तो मोडला तर आमदारकीवर येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय तुमचा नदीवरचा पूल. पुरवणी मागण्यांत घालून घेतलाय मी. तो राहील की नाही, मी सांगू शकत नाही.

प्रतिभा : पुलाच्या बदल्यात बिल?

किशोर : तसं कोण म्हणेल का? बरं, माझं ऐकू नका. ज्यांच्यासाठी करताय त्यांचं तरी ऐका. गाडीत घालून आणलंय मी. भागीबाई, या आत.

भागीबाई : आले बाई.

प्रतिभा : मावशी, तू? नाशिकला कशी?

भागीबाई : याच्या गाडीत आले. लय गार गाडी. काच बी उघडू दिली नाय.

किशोर : अगं, आमदार आहेत त्या आता. अहो-जाहो कर.

भागीबाई : माझ्या आशाला शिकवायची ती. तवापासून बाई म्हणते. आता अहो कुठनं आणू?

प्रतिभा : राहू द्या, भाऊ. मावशी, पाणी घे आधी.

भागीबाई : नको. बोलून घेते, नाय तं राहून जाईल. बाई, तुझं ते बिल मागं घे.

प्रतिभा : मुकादमानं सांगायला लावलं?

भागीबाई : त्यानंच सांगितलं. पण मला डोकं नाय का? तो म्हणतो, कायदा आला तं बागवाले आपल्या पाड्यावर गाडीच नाय पाठवायचे. परराज्यातली माणसं आणतील आन बागेतच पत्र्याच्या खोल्या टाकून ठेवतील. खोटं हाय का ते? तू सांग.

प्रतिभा : ...नाही. खोटं नाही. काही जण तसं करतील.

भागीबाई : मंग? भात कवाच सरलं. नागली हाय ती होळीपर्यंत. महेश आन त्याची बायको खुडणीला जातात, म्हणून घरात चूल पेटते. आशा गेली. ती काय कायद्यानं माघारी येणार हाय? हाय त्या पोराचं काम तरी राहू दे.

प्रतिभा : मावशी, महेश कशात बसून जातो रोज?

भागीबाई : पिकअपमदीच. दुसरं काय हाय?

प्रतिभा : मागे उभा राहून?

भागीबाई : फाळक्याला धरून. माझ्या जिवाचं काय होतं ते मला इचारू नको. तो सांजचा घरी येईस्तोवर मी वाटेकडं बघत राहते. पण पाठवते. नाय पाठवलं तं खायचं काय?

किशोर : बघा ताई. मी एक शब्द शिकवलेला नाही.

प्रतिभा : ऐकते आहे मी. मावशी, तुझं सगळं खरं आहे. तरी मी मागे नाही घेणार.

भागीबाई : माझ्यासाठी पण नाय?

प्रतिभा : तुझ्यासाठीही नाही. काम जाईल म्हणून आज गप्प बसले, तर पुढल्या वर्षीही याच कारणानं गप्प बसावं लागेल. आणि घाट आहे तिथंच आहे. त्या गाडीत माझ्या वर्गातल्या मुली होत्या, मावशी. हजेरी घेताना ज्यांची नावं मी रोज पुकारायचे, त्यांना मी सिव्हिलमध्ये ओळखायला गेले होते. पुन्हा नाही जाणार.

भागीबाई : तू पोटभर जेवतेस बाई, म्हणून तुला असं बोलता येतं.

प्रतिभा : हो, जेवते. म्हणूनच मला बोलायला हवं. उपाशी माणसानं मुकादमाशी भांडावं, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

भागीबाई : तुला मत द्यायला मी डोंगर उतरून गेले होते. परत नाय जायची.

प्रतिभा : नको जाऊस. माझ्यावर रागव. पण बिल राहील.

भागीबाई : किशोरभाऊ, मला स्टँडवर सोड. पेठची एसटी मिळंल.

किशोर : अगं, घरापर्यंत सोडतो ना.

भागीबाई : नको. तुमच्या दोघांच्या मदी माझं काय काम हाय?

किशोर : ऐकलंत ना ताई? ज्या माणसांसाठी तुम्ही सगळं पणाला लावताय, तीच म्हणतायत नको. आता तरी मागे घ्या.

प्रतिभा : व्हिप पाठवा, भाऊ. सही करून घेईन. आणि शुक्रवारी तो मोडेन.

(रविवारी सकाळी, भागीबाईच्या पाड्यावर.)

भागीबाई : ये. पायरीवर नको बसू, ऊन हाय. आत ये.

प्रतिभा : मला वाटलं, दारात उभं करणार नाहीस.

भागीबाई : मला पण तसंच वाटलं होतं. बस.

प्रतिभा : मावशी, बिल पडलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी स्वतः सांगावं म्हणून आले.

भागीबाई : ठावं हाय. पण झालं कसं ते सांग. तिथं काय करतात, मला काय कळतं?

प्रतिभा : मंत्री बोलले. छान बोलले. सरकार संवेदनशील आहे, समिती नेमू. मग अध्यक्ष मला म्हणाले, ताई, आता मागे घ्या. सगळे उठायच्याच बेतात होते, शुक्रवारी ज्याला त्याला गावी जायची घाई असते. मी म्हणाले, मागे घेत नाही. मताला टाका.

भागीबाई : मंग?

प्रतिभा : आधी हसले काही जण. अध्यक्षांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मग तोंडी मत घेतलं, होय की नाही. "नाही"चा आवाज केवढा मोठा आला. तिथंच संपलं असतं. पण मी मतविभागणी मागितली.

भागीबाई : ते काय असतं?

प्रतिभा : एकेकानं उभं राहून सांगायचं, बाजूनं की विरोधात. घोळक्यात बसून नुसतं ओरडायचं नाही. चहाला गेलेले परत आले. आमच्याच पक्षातले दोघं-तिघं, आधी माझ्या पाठीवर थाप मारणारे, ते परत आलेच नाहीत. म्हणजे विरोधात उभं राहायची त्यांनाही लाज वाटली असेल. माझ्या बाजूनं मूठभरच उभे राहिले. पण ज्यांनी पाडलं, त्या प्रत्येकाला उभं राहून पाडावं लागलं.

भागीबाई : आन तुझं काय आता?

प्रतिभा : पक्षाची नोटीस आली कालच. तुमच्यावर कारवाई का करू नये, असं विचारलंय. पुढचं तिकीट तर नाहीच. पूलही गेला बहुतेक. तेवढ्यासाठी पाड्यानं मला शिव्या दिल्या तर मी ऐकून घेईन.

भागीबाई : पुलाचं मरू दे. आजवर पाण्यातनंच जातो. ...काल मुकादम आला होता.

प्रतिभा : महेशला घ्यायला?

भागीबाई : सगळ्यांना घ्यायला. पिकअप घेऊनच आला. आन पेढे घेऊन. बाईचं बिल पडलं, तोंड गोड करा, म्हणत एकेकाच्या हातावर ठेवत चालला. माझ्या पण हातावर ठेवला.

प्रतिभा : तुझ्या?

भागीबाई : इसरला असंल, मी कोणाची आय ते. तो पेढा हातात घेऊन उभी राहिले मी. काय करू सुचंना. फेकला बी नाय. महेश फाळक्यावर पाय ठेवून चढत होता. मी म्हणले, उतर. तो म्हणला, आये, खाडा पडंल. मी म्हणले, पडू दे. आन जाऊन गाडीच्या म्होरं बसले.

प्रतिभा : वाटेवर?

भागीबाई : वाटेवर. मुकादम हॉर्न वाजवतोय, वाजवतोय. मंग सरुबाई उतरली. तिची सून उतरली. मंग बायाच बाया. गडी जरा वेळ वर उभे राहिले, मंग त्यांना पण कसंतरी वाटलं. रिकामी गाडी गेली. आज पण तसंच. पलीकडच्या पाड्यानं पण ऐकलं, तिथनं पण कोण नाय गेलं.

प्रतिभा : मला कोणी कळवलं नाही.

भागीबाई : तू हरून आली होतीस. तुला अजून काय त्रास द्यायचा? ...तुझा फोन वाजतोय बाई.

प्रतिभा : किशोरभाऊ आहेत. थांब, तुलाही ऐकू येईल असं करते. हां भाऊ, बोला.

किशोर : ताई, कुठं आहात? हे काय चालवलंय तुम्ही? दोन दिवस माझ्या बागेत माणूस नाही. माल तयार आहे, कंटेनर बुक आहे, उद्या खुडणी झाली नाही तर मी गेलो. तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच थांबवा.

प्रतिभा : मी नाही सुरू केलं. मी तर मुंबईत हरत होते. तुम्हाला माहीतच आहे.

किशोर : मग सांगा तरी तुमच्या माणसांना.

प्रतिभा : भागीबाई इथंच आहे. तुम्हीच सांगा.

किशोर : ...भागीबाई, अगं तूच म्हणाली होतीस ना, गाडी बंद व्हायला नको?

भागीबाई : म्हणले होते. पाठव की गाडी. माणसं बसतात तशी पाठव, बाकड्याची. कांद्याच्या गोण्या भरतात ती नको.

किशोर : तसा काही कायदा झालेला नाही.

भागीबाई : नाय ना झाला. तुमीच पाडला. कायदा असता तं तू साहेबाशी बोलला असतास, बाईशी बोलला असतास. आता कायदा नाय, तं माझ्याशी बोल.

किशोर : मी मुकादमाशी बोलून सांगतो.

भागीबाई : त्याला कशाला? बाग तुझी, हात आमचे. आन त्याला सांग, या पाड्यावर परत पेढे आणू नको.

किशोर : उद्या शाळा आहे, शाळेच्या बस मिळणार नाहीत. लग्नाच्या वऱ्हाडाची मिनीबस मिळते का बघतो. तेवढ्या मोठ्या गाडीचं भाडं काय होतं, कळतं का तुला?

भागीबाई : नाय कळत. माझ्या पोरीचं काय गेलं ते कळतं. उजाडायच्या आधी वाटेवर राहू आमी. मिनीबस आली तं बसू. पिकअप आली तं तशीच माघारी जाईल.

किशोर : आणि रोज मिनीबस कुठून आणू?

भागीबाई : ते तुझं तू बघ. उद्या आणशील, परवा परत पिकअप धाडशील, मला ठावं हाय. तवा परत बसू वाटेवर. आमाला काय, बसता येतं.

किशोर : ताई, ऐकताय ना तुम्ही?

प्रतिभा : ऐकते आहे, भाऊ. मी मध्ये बोलणार नाही.

किशोर : ...बघतो. पाठवतो काहीतरी. ठेवतो.

प्रतिभा : पाठवतील, मावशी. माल वेलीवर आहे त्यांचा.

भागीबाई : पाठवंल. आन नाय पाठवली तं नागली हाय अजून थोडी. ...बाई, एक इचारू? तिथं बोलताना तू माझ्या आशाचं सांगितलं का?

प्रतिभा : सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. मंत्री म्हणाले, व्यक्तिगत उल्लेख टाळावेत. मी टाळले नाहीत. तिथं बोललेलं सगळं छापून ठेवतात.

भागीबाई : पुरं नाव घेतलंस?

प्रतिभा : पूर्ण. आशा बारकू भोये.

भागीबाई : म्हणजे तिच्या बापाचं पण आलं त्यात.

प्रतिभा : आलं.

भागीबाई : उभी राहून बोललीस?

प्रतिभा : उभं राहूनच बोलतात तिथं.

भागीबाई : बरं झालं बाई, मागं नाय घेतलंस ते.