बहातानचं पांघरूण

पुगोंग : आजी, ऊठ आता तिथून. कालवलेलं सिमेंट घट्ट होऊन दगड होईल त्याचा.

आगिनाया : होऊ दे की. तुम्हाला दगडच उभा करायचाय ना?

पुगोंग : थट्टा नको गं. शुक्रवारी जपानी पाहुणे येणार, आपले म्हातारे सैनिक येणार. फलकाचा खड्डा आजच व्हायला हवा. सगळ्या गावानं ही जागा ठरवलीय.

आगिनाया : गाव तेव्हा डोंगरात पळालं होतं. इथं मी होते नि आई होती. वाच बघू, काय कोरलंय त्यावर.

पुगोंग : 'सन १९४५. येथे शत्रूच्या तुकडीने पांढरे निशाण दाखवून शरणागती पत्करली.'

आगिनाया : निशाण कुठलं आलंय! पांघरूण होतं ते. माझ्या भावाचं, बहातानचं.

पुगोंग : तोफगोळ्याचा तुकडा लागून गेला तो?

आगिनाया : तोच. सोळा वर्षांचं पोर. त्याला गुंडाळून पुरायचं पांघरूण विणत आई दोन दिवस मागावरून उठली नव्हती. मधला पट्टा विणून झाला होता, काठ जोडायचे राहिले होते. तेवढ्यात एक जपानी शिपाई दारात. नुसता हाडांचा सापळा. हातवारे करून पांढरं कापड मागत होता.

पुगोंग : आणि हिसकावून नेलं.

आगिनाया : हिसकावलं असतं तर बरं झालं असतं रे. जन्मभर शिव्या तरी घातल्या असत्या. आईनं दिलं. म्हणाली, मेलेल्याला थंडी वाजेल, पण तोफा थांबल्या तर ही पोरगी तरी जगेल.

पुगोंग : तू.

आगिनाया : मी. कापड त्यांना शरण घ्यायला आलेल्या अमेरिकनांनी नेलं घडी घालून. बहातानला केळीच्या पानांत पुरला.

पुगोंग : मग नंतर अस्थी काढायच्या, धुवायच्या, नव्या पांघरुणात बांधून घरी आणायच्या. सगळेच करतात.

आगिनाया : त्याला उघडा बघायचं आईला धाडस झालं नाही. मरेपर्यंत म्हणायची, पोर कुडकुडतंय. ती गेल्यावर मीही भ्यायले.

पुगोंग : पुरलाय कुठं?

आगिनाया : मी बसलेय कुठं?

(पुगोंग कुदळ खाली ठेवतो.)

पुगोंग : आधी नाही का सांगायचं, आजी! मी चार हात पलीकडं खणतो. त्याला धक्कासुद्धा लागणार नाही.

आगिनाया : अरे वेड्या, मी काय अडवायला बसलेय? ही पिशवी उघड.

पुगोंग : तू विणलंस?

आगिनाया : दोन वर्षं लागली. डोळ्यांना दिसत नाही, काठ वाकडा आलाय. आईच्या हातची सर नाही त्याला. गावच्या पुजाऱ्याला सांगून ठेवलंय, अस्थी घरी आणायच्या जेवणाला डुक्कर दारात बांधलंय. कुदळ तेवढी उचलवत नाही मला.

पुगोंग : आणि शुक्रवार? फलकाचं काम देणारे साहेब मला फाडून खातील.

आगिनाया : फलक पन्नास वर्षं थांबला, आणखी चार दिवस थांबेल.

पुगोंग : पाहुण्यांना काय सांगू?

आगिनाया : आहे ते सांग. त्यांच्यात तो शिपाई असला, तर जेवायला घेऊन ये. मटण पुरेल.

पुगोंग : बरं. सरक थोडी. हात दे.

आगिनाया : हळू खण रे. पन्नास वर्षं उघडा निजलाय तो.