दोन माणसांचं कुटुंब

रंगाचं राहू द्या हो, वीणाकाकू — गोरी, सावळी, काहीही लिहा. पत्रिका? माझी पत्रिका बिल्डिंगखाली गेली. फक्त आधार कार्ड दिल्लीचं पाहिजे, आणि लग्न तीस तारखेच्या आत. त्या दिवशी सरकारी घरांची यादी बंद होते. — हसताय काय? तुमच्या वधूवर मंडळात सगळी मुलं बायको मिळावी म्हणून घर दाखवतात, मी घर मिळावं म्हणून बायको शोधतोय. एवढाच फरक!

अहो, दिवाळीनंतर करोल बागेतली ती बिल्डिंग पडली ना — तीच. खाली सोनं गाळायची भट्टी, वर आम्ही दोघं भाऊ राहायचो. विक्रांतदादा आणि मी, दोघंही त्याच भट्टीवर कामाला. तर सरकार म्हणतं, वाचलेल्यांना घर. बिल्कुल बरोबर. गेलो. खिडकीवरचा साहेब म्हणाला, घर परिवाराला मिळतं, कमीत कमी दोन माणसं. म्हटलं, साहेब, आम्ही दोघंच तर होतो. तर म्हणतो, ‘हां, भाई होता तो मिल जाता.’ — भाई असता तर! काय बोलणार यार, अशा माणसाला? शेजारच्या खिडकीवर दादा मेला म्हणून आईला पैसे, आणि या खिडकीवर दादा मेला म्हणून मला घर नाही. दोन खिडक्यांच्या मधे एक कूलर, बस. आई? आईचं कार्ड गावचं, सांगलीकडचं, ते इथे चालत नाही. आणि सध्या मी भट्टीच्या शेठच्या दुकानात, काउंटरखाली झोपतो, तर तो म्हणे माझा पत्ता! पण साहेब तसा भला, चहा पाजला. म्हणाला, ‘शादी कर ले.’ सरकारी सल्ला आहे, काकू, माझ्या मनाचं नाही.

अच्छा, अपेक्षा? लिहा ना. शिक्षण कितीही चालेल, मी स्वतः सातवी नापास. स्वयंपाक यायला नको, तो मीच करतो. चहात डबल साखर घेणारी. घोरत असली तरी चालेल — चालेल काय, घोरणारीच बघा, हल्ली मला शांततेत झोप लागत नाही. भिंतीकडे ती झोपणार, दाराकडे मी, ते आधीच सांगून ठेवा. पंख्यावरून भांडली पाहिजे. चिडली की मला ढब्ब्या म्हणायचं, पण दुसऱ्या कोणी म्हटलं की त्याच्या अंगावर धावून जायचं. सिनेमाला गेलो की इंटरव्हलच्या आधी झोपायचं आणि घरी येऊन मलाच स्टोरी सांगायची. डाव्या हातावर भाजल्याचा डाग असला, भट्टीचा, तर—

काकू, पेन का थांबलं तुमचं?

बघू, काय लिहिलंत. नको — वाचू नका. खोडा ते. खोडा म्हणतो ना! आणि मघाशी काढलात तो मुलीचा फोटो आत ठेवा, तिची काय चूक. फी? राहू द्या तुमच्याकडे.

असं बघू नका माझ्याकडे. पुढच्याला बोलवा.