नुसतं ढवळायचं तर काम

...आणि वर मलाच विचारतात, "त्यात काय एवढं?" तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, आणि निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या लेखी जगात अवघड असं काही उरलंच नाही. स्वयंपाक? त्यात काय एवढं. विमान चालवणं? त्यातही काय एवढं! आणि लेक हॉटेलच्या बारमध्ये कॉकटेल बनवायला लागली, तर दीड वर्ष तिच्याशी धड बोलले नाहीत; भिंतीकडे बघून म्हणायचे, "नुसतं ढवळायचं तर काम."

परवा ती सुट्टीला आली, तर म्हणाले, तुझं ते रम पंच उद्या मीच करून दाखवतो. झालं! एक भाग लिंबू, दोन भाग पाक, तीन भाग रम, चार भाग पाणी... मोजायची नळी डोळ्यांसमोर धरून असे थेंब मोजतायत, जसा काही स्फोटच होणार आहे. पण लिंबं? ती आदल्या दिवशीच पिळलेली, वेळ वाचतो म्हणे. पाक कोण करत बसणार, म्हणून साखर तशीच ओतली. जायफळ तर अख्खं किसलं. मी म्हटलं, अहो, जरा बेतानं... "त्यात काय एवढं?"

पहिला घोट ह्यांनीच घेतला. गिळवेना, आणि लेकीसमोर थुंकवेना. डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "छान झालंय." मी चाखलं, खोकल्याचं औषध परवडलं हो.

मला वाटलं, आता पोरगी दीड वर्षाचं उट्टं काढणार. ती हसलीसुद्धा नाही.

"बाबा, लिंबं कधी पिळलीत?"

"काल."

"कडू होतात मग."

तिनं ताजी लिंबं घेतली, पाक केला, तीही मोजतच होती, पण हात कसा चालत होता म्हणता... आणि हे बघत होते ते तिची बोटं. आंबटानं चिरा पडल्यात बोटांना. ह्यांनी ग्लास घेतला, संपवला, खाली ठेवला.

"शिकायला किती दिवस लागले?"

"पहिले दोन महिने नुसती लिंबंच पिळली, बाबा."

आता काय सांगू तुम्हाला... आज सकाळपासून ओट्यापाशी उभे आहेत, पुढ्यात दोन डझन लिंबं, आणि ती शेजारी हाताची घडी घालून, "बी पडली, बाबा. परत." हेही मुकाट्यानं परत! मला चहा ठेवायला बोटभर जागा नाही. पण दोघं बोलतायत ना... मी आपली शेजारणीकडे चहा पिऊन आले.