दुनळीचा भाव

—एवढंच? परत एकदा म्हणा की शेट, माझा कान जरा जड हाय. हां, म्हंजी बरोबरच ऐकलं. एवढ्यात तर बाजारात बोकडसुद्धा मान वळवून बगत न्हाय. दुनळी हाय ही, बारा बोअरची, लायसनची — कलेक्टर हापिसातनं विकायची परवानगी काढून आणलीय, ती काय भंगारात घालायला व्हय? कुंभारीत जाऊन कुणाला बी इचारा, मायाप्पाची बंदूक कसली हाय म्हणून — मायाप्पा म्हंजी मीच. मेंढरामागं लांडगा लागायचा तवा आमच्या बापानं घेतली. आता लांडगं ऱ्हायलं न्हायती, आनी ही आपली भिंतीवर, जावयासारखी. काम न्हाय, मान तेवढा.

नळीत काय बगताय एवढं डोळा लावून? डाग? त्यो गंज न्हाय वो, देवधर्म हाय. दर खंडेनवमीला आमची गोजाबाई — मालकीण आमची — हिला आंगूळ घालती. आदी दुधानं, मग पाण्यानं, मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, आनी वरनं नारळ फोडून त्येचं पाणी सरळ नळीत. मी म्हणायचो, अगं लोखंड हाय ते, तेल लाव. ती म्हणायची, देवाला काय मशीनचं तेल लावत्यात व्हय? आता घाला वाद. तुमी घालता घरात? मग. लोकं बंदूक वापरून झिजवत्यात, आमी पुजून झिजवली. त्येचं खरं तर वरचं पैसं द्याय पायजेत तुमी.

आनी स्वभावानं गरीब. इलेक्शन लागलं की ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, झेडपी, आमदारकी — आमच्या पुढाऱ्यांनी दरवेळी पक्ष बदलला, हिनं एकदा तक्रार केली न्हाय. गाडीवालं म्हणत्यात तसं सिंगल हँड वापर, आनी त्यो हात बी माझा, थंड. माझ्या हातनं एक गोळी सुटली न्हाय कवा — काय? नळीच्या तोंडाला काळं लागतंय? लई हुशार हाय तुमचं बोट. बरं, सुटली एक. एकच. ती काय धरायची? आनी ती मी न्हाय, भारतनं उडवली, पोरगं आमचं. आनंदात. हवेत. हवा काय कुणाच्या बापाची हाय?

तशी हवेतच — पण मधी पत्रा आला. भारत माळवदावर चढला, दोस्तांनी त्येला खांद्यावर घेतलं, दोस्त कसलं तर सकाळपासनंच डुलणारं — ते डगमगलं, नळी खाली आली, आनी मांडवाच्या पत्र्याची चाळण झाली. पत्र्याखाली — बसा की, उठताय कशाला — पत्र्याखाली पाळणा. काय झालं न्हाय पोरीला. नखाला धक्का न्हाय. एक छर्रा उशीत घुसला, बास. नातीचं बारसं व्हतं वो. हे आपल्यातच ठेवा.

सून काय म्हणली? काय म्हणणार, रुपालीनं पाळण्यातनं लेक उचलली आनी बापासंगं गेली करमाळ्याला. भांडली बी न्हाय. भांडली असती तर समजूत तरी घातली असती. जाताना एवढंच म्हणली, मामा, त्या घरात एकतर ती ऱ्हाईल, न्हायतर माझी पोरगी. तवापासनं भारत जेवाय बसतो ते बी भिंतीकडं तोंड करून. समोर टपरीवर पांढऱ्या टोपीचं बसल्यात की न्हाय, ते आमचं व्याही. लेकीनं धाडल्यात, डोळ्यानं बगून या म्हणून. त्यापायी तर मी मोठ्यानं भाव करतोय. बापाची वस्तू मायाप्पानं विकली असं दिसाय पायजे, टाकून दिली असं न्हाय. हां, आता हसला तुमी. आता तुमी भाव अजून पाडणार, आनी मीच पाडून घेतला. गोजाबाई म्हणती ते खरं हाय, बंदुकीला लायसन काढलं, जिभेला काढायचं ऱ्हायलं.

काय म्हणलात? नातीचं नाव?

नाव कुटलं. आत्या नाव सांगाय कानाशी वाकली, आनी वरनं बार झाला. त्या गडबडीत कोण नाव ठेवतंय. चार महिनं झालं. तितं करमाळ्यात तिला नुसतं बाळ म्हणत्यात. आनी आमची गोजाबाई, तिला नातीची आठवण काढायची तर काय म्हणून काढायची तेच कळंना.

घ्या वो शेट. घ्या ती. मगाशी म्हणलात ते द्या, न्हायतर त्येच्याखालचं द्या. ती तेवढी आत नेऊन ठेवा. आनी आता मला काय बी इचारू नका.